पाच टेबलांवरची शेवंती

शेवंती घोडीचा डावा कान मागे वळला, तेव्हा तो पाचही टेबलांवर एकदमच वळला. हेमलताने नीट पाहिलं. पहिल्या आणि पाचव्या टेबलामध्ये अख्खा घोडेबाजार पसरलेला, तरी पापणी लवण्याइतकाही फरक पडला नाही. तिला फार आनंद झाला. गेल्या जत्रेत एका कॉम्प्युटरवर नोंदवलेला घोडा दुसऱ्यावर दिसायला संध्याकाळ व्हायची. यंदा तिने पाचही कॉम्प्युटर एकमेकांना जोडले होते, आणि नोंदीबरोबर घोडाच पोचत होता.

नोंदीत मालकाच्या घरचं माणूस म्हणून तिचंही नाव होतं, त्यामुळे प्रत्येक टेबलामागे एकेक हेमलता बसली होती. दुसऱ्या टेबलावर चहा आला की चौथ्यावर तिची जीभ पोळायची. लोकांना मोठी मौज वाटत होती. इकडे शेवंतीला गूळ चारायचा आणि पळत पुढच्या टेबलाशी जाऊन तिचे ओठ चिकट झालेत का पाहायचं, असा खेळच सुरू झाला. ते चिकट असायचे.

रिकामा होता तो एकच रकाना, स्वाराचा. वडिलांचा, बापूंचा पाय मोडल्यापासून शेवंती शर्यतीत उतरली नव्हती. पहाटे नदीच्या वाळूत हेमलता तिच्यावर बसायची. बापूंना ते ठाऊक होतं, पण दोघं त्यावर बोलत नसत. स्वार नसलेलं जनावर विक्रीत लागायचं, हा जत्रेचा रिवाज. दरवर्षी हेमलता रकाना रिकामा सोडायची आणि गिऱ्हाईक पटलं नाही म्हणून घोडी घरी न्यायची.

यंदा गिऱ्हाईक पटण्यासारखं होतं. रज्जाकशेठ घोड्यांना जीव लावणारे. इथे भाव कुणी तोंडाने बोलत नाही. हातांवर पंचा टाकून आत बोटं दाबतात. त्यांनी तिसऱ्या टेबलावर तिचा हात धरला आणि पाचही पंचे हलले. बोट दाबलं की सौदा, हात काढला की नकार. तिने हात तसाच ठेवला, आणि पहिल्या टेबलावरच्या मोकळ्या हाताने स्वाराच्या रकान्यात आपल्या नावाचं पहिलं अक्षर टाइप केलं.

पाचही पडद्यांवर एकच ओळ आली : दोन नोंदी जुळत नाहीत. कोणती ठेवायची?

तिसऱ्या टेबलाशी शेवंतीच्या कपाळावर विक्रीचा गुलाल उमटू लागला. पहिल्या टेबलाशी तिच्या पाठीवर खोगीर चढलं. मग टेबलं एकमेकांकडे सरकू लागली. मधली घुंगरांची, लगामांची दुकानं कापडासारखी घडी होऊन मिटली. गर्दी हौसेने मागे सरली आणि पुन्हा पुढे आली. पाच हेमलतांचे खांदे एकमेकांत शिरले, कॉम्प्युटर एकमेकांना चिकटले, बटणांवर बोट ठेवायलाही जागा उरली नाही. तिच्या छातीत मात्र वाळूवरच्या टापा सुरू होत्या.

"शेठ ताटकळलेत बेटा," बापू कुबड्या सावरत म्हणाले. त्यांचेही पाचाचे दोन झाले होते. "त्यांचा हात अवघडला असेल."

"माझं काय नाही बापू," रज्जाकशेठ म्हणाले. "ताईंचंच घोडं अडलंय."

लोक हसले. तीही हसली. पंच्याखालच्या भाषेत भावाला बोट होतं, नकारालाही सोय होती. स्वारासाठी काहीच नव्हतं.

आता टेबल एकच होतं. शेवंतीही एकच, कपाळावर अर्धा गुलाल, पाठीवर अर्धं खोगीर, आणि दोन्ही हळूहळू वाढत होती. पाय ठेवायची एकुलती एक रिकीब हेमलताच्या गुडघ्याशी झुलत होती.

"मग बसणार कोण?" बापूंनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी कधीच विचारला नव्हता.

हेमलताचा हात अजून पंच्याखालीच होता.

"मी," ती सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी म्हणाली. "शर्यतीत शेवंतीवर मी बसणार."