मिनिटाला एकेचाळीस शब्द

घरात तिला सगळे आकडेबाई म्हणायचे. नाव धाकट्या भावाने ठेवलेलं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. सहा वर्षं ती एकाच गोष्टीच्या मागे हात धुऊन लागली होती: जे मूल भराभर वाचतं, त्याला वाचलेलं जास्त चांगलं समजतं, हे सिद्ध करायचं. बारा वर्ग, तीनशे नऊ मुलं. प्रत्येकाला एकेकटं खोलीत बसवायचं, समोर उतारा ठेवायचा, स्टॉपवॉच दाबायचं, मिनिटात किती शब्द झाले ते लिहायचं आणि मग उताऱ्यावर दहा प्रश्न विचारायचे. अकरा वर्गांचे ठिपके आलेखावर शहाण्या मुलांसारखे एका तिरक्या रेषेत चढत गेले होते. प्रबंध द्यायला नऊ दिवस उरले होते. आईने तर कोणाकोणाला फोन करायचे याची यादीसुद्धा करून ठेवली होती.

शेवटी आला तो बारावा वर्ग, आणि त्याचे सत्तावीस ठिपके आलेखाच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी वर, ठाण मांडून बसले.

गावाबाहेरच्या एका लहान शाळेतली पाचवी. वेग मिनिटाला सरासरी एकेचाळीस शब्द, म्हणजे इतरांच्या निम्म्याहूनही कमी. प्रश्नांची उत्तरं मात्र दहापैकी नऊ बरोबर. एवढं कोणालाच जमलं नव्हतं. हे सत्तावीस ठिपके धरले की तिची तिरकी रेषा पार झोपत होती. त्या वर्गाची चाचणी आकडेबाईने स्वतः घेतली नव्हती, पगारी मदतनीस बाई पाठवल्या होत्या. त्यांनी सगळ्या फॉर्मवर एकच शेरा मारला होता: 'नजर पानावर नाही. पाठ केल्यासारखे बोलते.'

तिच्या मार्गदर्शक मॅडमनी फॉर्म चाळले आणि चष्मा टेबलावर ठेवला.

"उतारा फुटलाय गं. वर्गशिक्षकाने घोकून घेतलाय. वगळून टाक सगळे."

"कारण काय लिहू?"

"चाचणी आधीच माहीत होती, असं लिही. पण एकदा जाऊन खात्री करून ये. उद्या परीक्षकाने विचारलं तर तोंडात मारल्यासारखं नको व्हायला."

मॅडम वाईट नव्हत्या. आकडेबाईचा प्रत्येक मसुदा त्यांनी तीन-तीनदा वाचला होता आणि प्रत्येक वेळी तिला रडवलं होतं. या दोन्ही गोष्टींसाठी ती त्यांची ऋणी होती.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत पोचली तीच मुळी मास्तरांना रंगेहाथ पकडायला. पिशवीत सकाळीच लिहिलेला कोरा करकरीत उतारा होता. तो तिच्याशिवाय कोणी पाहिलेला नव्हता. बघू आता काय घोकता ते, असं मनाशी म्हणत तिने नकाशे ठेवायच्या खोलीत टेबल मांडलं आणि पहिल्या मुलाला बोलावलं.

मुलाने पानाकडे पाहिलं. ओठ मिटलेले. मग त्याने मान वर केली, सरळ तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि अख्खं वाक्य स्पष्ट, सावकाश म्हटलं. पुन्हा मान खाली. पुन्हा वर, पुढचं वाक्य. मिनिटाला एकोणचाळीस शब्द. दहापैकी नऊ उत्तरं बरोबर.

दुसरी मुलगी, तसंच. तिसरा मुलगा, तसंच. उतारा फुटलेला असणं शक्यच नव्हतं.

"अरे, तू पानाकडे बघून का वाचत नाहीस?" तिने तिसऱ्याला विचारलं.

"बघितलं ना."

"मग मध्येच वर कशाला बघतोस?"

पोराने तिच्याकडे असं पाहिलं, जणू हिला साधं एवढंही कळत नाही. "वाचताना वर बघायचंच असतं ना?"

ती स्टॉपवॉच मुठीत धरून वर्गाकडे निघाली. दार उघडंच होतं. बाकं ओळीत नव्हती, घोड्याच्या नालासारखी अर्धगोल मांडलेली होती. एक मुलगी उभी राहून धडा वाचत होती: मान खाली, मग वर, वाक्य, मग खाली. आणि मान वर केली की ती दर वेळी एकाच ठिकाणी बघत होती. तिथे, मधल्या बाकावर, हनुवटीवर ठसठशीत तीळ असलेली एक बारकीशी मुलगी बसली होती. तिचे डोळे वाचणारीच्या ओठांवर खिळले होते. तिच्या दोन्ही कानांमागे यंत्रं होती.

"ही आमची ठिपकी," निवृत्तीला आलेले मास्तर दाराशी येऊन हळूच म्हणाले. "यंत्रांनी थोडेफार आवाज कळतात तिला, शब्द नाही कळत. शब्द ती ओठांवरून घेते."

"म्हणून तुम्ही मुलांना असं वाचायला शिकवलंत?"

"मी कुठलं शिकवतोय! मी पाठ्यपुस्तकात डोकं खुपसून वाचणारा माणूस. पहिलीत असताना कोणी खाली मान घालून वाचायला लागलं, की ही जागेवरून उठायची आणि त्याची हनुवटी धरून वर करायची. पोरं आधी चिडली. रडली. एकाने तर चावा घेतला तिला." मास्तर हसले. "मग एकेकाने मान वर करायला सुरुवात केली. पण मान वर केली की पान दिसत नाही. मग वाक्य आधी डोक्यात घ्यावं लागतं, आणि डोक्यात राहायचं तर ते समजावं लागतं. पाच वर्षं झाली. आता कोणाची हनुवटी धरावी लागत नाही."

आकडेबाईने मागे वळून पाहिलं. नकाशांच्या त्या खोलीत ठिपकी नव्हती. बंद दार होतं, टेबल होतं, समोर एक अनोळखी बाई होती. 'लवकर वाच' म्हणून बजावलेलं होतं. तरी प्रत्येक पोराने प्रत्येक वाक्याला मान वर केली होती. त्यांना वाचनाचा दुसरा अर्थच ठाऊक नव्हता. एवढी मोठी गोष्ट सहा-सात वर्षांच्या पोरांनी कोणाला न सांगता, कोणी न सांगता उभी केली होती, आणि आकडेबाईच्या फॉर्मवर त्याबद्दल एकच शेरा होता: 'नजर पानावर नाही.' ती तिथेच उंबऱ्यात उभी राहिली. तिला आत जायचं धाडसच होईना.

"हिचा फॉर्म कुठेय?" तिने तिथूनच विचारलं.

"तुमच्या बाई म्हणाल्या, ही नियमात बसत नाही. बाहेर बसवलं होतं तिला. दिवसभर रुसली होती."

नियम क्रमांक चार: श्रवणदोष असलेली मुले नमुन्यात घेऊ नयेत. तो तिनेच लिहिला होता, सहा वर्षांपूर्वी, दुसऱ्या कोणाच्या तरी प्रबंधातून उतरवून, चहा पिता पिता. ज्या एका मुलीमुळे सत्तावीस जणांची सगळी गोष्ट उलगडत होती, तिला तिने आधीच दाराबाहेर बसवून ठेवलं होतं. आणि इतर अकरा वर्गांत या नियमाने कोणाकोणाला बाहेर बसवलं, हे तिला माहीतही नव्हतं. वगळलेल्यांची नोंद तिने ठेवलीच नव्हती. तिला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात तिची बाही कोणीतरी ओढली. ठिपकी.

"माझी राहिली," ती म्हणाली. शब्द जरा जाड, कडेला घासून आल्यासारखे, पण स्वच्छ कळणारे.

मग वर्गातच चाचणी झाली, सगळ्यांसमोर. नियमाचं काय व्हायचं ते होवो. ठिपकीने उतारा घेतला. वाक्य पाहिलं, मान वर केली आणि म्हटलं. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. जिला ऐकू येत नाही ती वाचत होती, आणि ज्यांना येतं ते सत्तावीस जण जीव कानात आणून ऐकत होते. आकडेबाई स्टॉपवॉच दाबायला साफ विसरली.

उतारा संपल्यावर ती भानावर आली. डोळे भरले होते ते कोणाला दिसू नयेत म्हणून तिने फॉर्मवर मान घातली आणि घाईघाईने पहिला प्रश्न वाचायला घेतला. "उताऱ्यातल्या म्हातारीने नदी ओलांडताना..."

तिच्या हनुवटीखाली दोन लहानशी बोटं आली. त्यांनी तिचा चेहरा अलगद वर केला.

मागून कोणीतरी खुसखुसलं. ठिपकी मुळीच हसली नाही. ती बाईंच्या ओठांकडे बघत, प्रश्नाची वाट पाहत थांबली होती.

आठवड्याने आकडेबाई मॅडमच्या खोलीत बसली होती. समोर प्रबंधाचं नव्याने लिहिलेलं प्रकरण होतं आणि मुदतवाढीचा अर्ज. आलेखात सत्तावीस ठिपके जागच्या जागी होते. तिरकी रेषा मोडली होती.

"वेड लागलंय का तुला?" मॅडम म्हणाल्या. "सहा वर्षं पाण्यात घालतेस! आणि हा ठिपकीचा फॉर्म कसला? वेळेचा रकाना रिकामा आहे."

"मोजली नाही वेळ. तसं लिहिलंय खाली."

"वाच बघू काय लिहिलंयस ते."

तिने कागद उचलला. वाक्य पाहिलं. मग मान वर केली आणि मॅडमच्या डोळ्यांत बघत ते सावकाश म्हटलं. मग पुढचं. वेळ बराच लागला. तिसऱ्या वाक्याला मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"एकूण मुलं किती झाली म्हणायची मग?" पान संपल्यावर त्यांनी विचारलं.

"तीनशे दहा," आकडेबाई म्हणाली. "आणि बाहेर बसवलेली किती, ते सोमवारपासून एकेका शाळेत जाऊन विचारणार आहे."

मॅडमनी अर्ज पुढे ओढला आणि सही केली.