तारखेची मोकळी जागा

घरात तिच्यापुढे ब्र काढायची कोणाची छाती नव्हती. पण धुलाईच्या कारखान्यात, जिथे ती इस्त्रीखात्याची मोठी बाई होती, तिथे तोंड उघडायचं ते "हो साहेब" म्हणण्यापुरतं. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे अंगरखे, सगळं तिच्या हाताखालून जायचं. तिने घडी घातलेली चादर उलगडली की नव्या कागदासारखी वाजायची. पगारही तसाच खणखणीत होता. शेजारपाजारच्या शिकल्यासवरल्यांनी तोंडात बोट घालावं असा.

मुकादमाला बायका पाठीमागे 'खळ' म्हणत. कपड्याला लावतात ती खळ, आणि दुसराही अर्थ होताच. जिला जो पटेल तो तिने घ्यावा. सहा वाजले की तो सगळ्यांची सुटीची वेळ नोंदवून घ्यायचा आणि मग "जरा एवढा ढीग उरकून जा गं" म्हणत पुन्हा आत पिटाळायचा. संडासाची किल्ली त्याच्या खिशात. पन्नाशीच्या बाईने हात पुढे करायचा आणि त्याने घड्याळ बघत, सगळ्यांदेखत म्हणायचं, "आत्ताच तर गेली होतीस!"

मागच्या आठवड्यात तिने दोनदा किल्ली मागितली. दोनदा तो म्हणाला, "हातातलं संपव आधी." हातातलं संपलं नाही. उभ्या जागी परकर भिजला. वाफेने तिथे सगळंच ओलं असतं, कोणाला काय कळतंय, अशी ती मनाची समजूत घालत राहिली. पण शेजारच्या यंत्रावरची बाई तिच्या पायाशी ओली चादर टाकून गेली. तेव्हा तिला कळलं, की कळलंय.

घरी लेकीने दोरीवरचा अवेळी धुतलेला परकर पाहिला आणि खोदून खोदून सगळं काढून घेतलं. तेव्हापासून तिची एकच टकळी.

"आई, सोड ती नोकरी."

"सोडते. मग तुझ्या बापाचे हातपाय कोण हलवणार, तू? तुला त्या मोबाइलपुढे स्वतःची मान सरळ ठेवता येत नाही."

दोन वर्षांपूर्वी नवऱ्याचं डावं अंग गेलं होतं. आठवड्यातून तीन सकाळी व्यायाम घेणारी बाई यायची, ती हिच्याच पगारावर. परवा त्याने डाव्या हाताने पेला उचलून ओठापर्यंत नेला. निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं, पण लेक टाळ्या वाजवत सुटली. ती बाई बंद झाली की तो हात पुन्हा मांडीवर मेल्यासारखा पडणार, हे सांगायला डॉक्टर नको होता.

"माझ्यापायी नको सोसूस," नवरा भिंतीकडे बघत म्हणाला. बोलताना त्याची बोटं रबरी चेंडू दाबतच होती. तिने ते पाहिलं.

तरी सोमवारी सकाळी ती लेकीसमोर बसली. "लिही राजीनामा."

लेकीने लिहिलं, वाचून दाखवलं.

"'घरगुती कारणामुळे' कशाला? घरात काय आग लागलीय?"

"असंच लिहितात गं."

"असेल. खोटं बोलायचीसुद्धा रीत असते म्हणायची."

जेवणाच्या सुटीत ती मुकादमाच्या खोलीत गेली. बाहेर बायका डबे तसेच ठेवून दाराकडे बघत होत्या. त्याने कागद वाचला आणि हसला.

"एवढे कष्ट कशाला घेतलेस?"

त्याने खण ओढला, एक फाइल काढली आणि जुना कागद तिच्यासमोर सरकवला. खाली तिची सही होती. पूर्ण नाव, आणि त्याखाली ठसक्यात ओढलेली रेघ.

बारा वर्षांपूर्वीचा, कामावर लागली तो दिवस तिला लख्ख आठवला. त्याने पाच कागद पुढे केले होते आणि बरोबर अंगठ्याची शाई. बाकीच्या बायका विचारत होत्या, साहेब, काय लिहिलंय, वाचून दाखवा ना. शाई बघून हिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. "मला सही येते," म्हणत तिने पेन हिसकावलं आणि पाचही कागदांवर सह्या ठोकल्या. शाळा तिसरीपर्यंतची. त्याच्यासमोर एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायचं म्हणजे अब्रू गेली असती. म्हणून तिने वाचलंच नाही.

"राजीनामा आहे तुझा," तो म्हणाला. "तारखेची जागा मोकळी दिसतेय ना? ती मी भरायची."

"मग आजची भरा."

"आज? तीन हॉटेलांचा माल येऊन पडलाय. मला नकोशी होशील तेव्हा भरीन." लेकीने लिहिलेला कागद त्याने उभा फाडला. "आणि अशीच उठून गेलीस, तर माल घेऊन पळाली म्हणून सांगेन. बाई ठेवण्याआधी सगळ्या धुलाईवाल्यांचे फोन मलाच येतात. मग बघ कोण दारात उभं करतंय."

घरी चार माणसांना गप्प करणारी ती "हो साहेब" म्हणाली. ती बाहेर आली. बायकांकडे न बघता यंत्रापाशी गेली. आणि तिथे तिला जे वाटलं, त्याची तिला त्या माणसापेक्षा जास्त भीती वाटली. छाती हलकी झाली होती. परवा सकाळी व्यायामाची बाई येणार. आपण सोडायला गेलो नाही असं कोणी म्हणणार नाही. आता ठरवायचं काही उरलंच नव्हतं. स्वतःची एवढी किळस तिला परकर भिजला तेव्हाही आली नव्हती.

घरी पाऊल टाकताच लेकीने विचारलं, "दिलास?"

"दिला. सोडत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे सोडत नाहीत!"

नवऱ्याचा अर्धा चेहरा फुलला. "मी म्हणत नव्हतो? हिच्यावाचून पान हलत नाही त्यांचं!"

लेक जवळ आली. "आई, तो नक्की काय म्हणाला?"

"कान फुटलेत का तुझे? सांगितलं ना एकदा."

बुधवारी व्यायामाची बाई आली, तेव्हा नवऱ्याने अडखळत, दम घेत घेत तिलाही ते सांगितलं. त्याचं मनगट वाकवता वाकवता ती म्हणाली, "नशीब काढलंत ताई. आजकाल माणसाची एवढी कदर कोण करतं?"

ती हो म्हणाली, डबा घेतला आणि कामाला गेली.