आठवा ठिपका

मी हजला, मक्केला, कधी गेले नाही, तरी पांढरे केस बघून अख्खं पोर्ट सैद मला हज्जा म्हणतं. नाव इन्शिराह, धंदा शिवणकामाचा. घर पाचव्या मजल्यावर, दुकान तळमजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणजे जिना उतरता येतो तोवरच मी माणसांत. त्याच जिन्यावर खुब्याचं हाड मोडून घेतलं आणि ह्या दवाखान्यात आले.

ऑपरेशन चांगलं झालं. व्यायाम शिकवणारा आला आणि म्हणाला, "उद्यापासून चालायचं, हज्जा. जितकं झोपून राहाल तितके पाय चालणं विसरतील." म्हटलं, चला, सुटले. दुसऱ्या दिवशी उठायला जाते तर खाटेच्या दोन्ही बाजूंचे लोखंडी कठडे वर केलेले.

"नजात! ए नजात! हे काय गं? मी काय ईदचा बोकड आहे?"

नजात आमची नर्स. गोरीपान, सदा घाईत, पण मनानं लोणी. "नियम आहे हज्जा. धरायला दोघं असल्याशिवाय कुणाला खाली उतरवायचं नाही."

"मग बोलाव की दुसरीला."

"दुसरी कुठून आणू? अख्ख्या वॉर्डात मी एकटी."

घ्या! व्यायामवाला आठवड्यातून एकदा उगवायचा, तोही नेमका नजात दुसऱ्या कुणाला सुई टोचत असताना. हात हलवून निघून जायचा.

माझ्या खाटेसमोर भिंतीवर एक तक्ता होता. आठवड्यात किती रुग्ण पडले, त्याचा दर आठवड्याला एक ठिपका. मधून एक आडवी रेघ, म्हणजे वॉर्डाची नेहमीची पातळी. सुधारणेचं काम बघणारे डॉक्टर हाझिम, कठड्यांचा नियमही त्यांचाच, त्या तक्त्यासमोर असे उभे राहायचे, जसा नवरदेव आरशासमोर. एकदा मी विचारलंच, "एवढं काय बघता त्यात?"

"एका आठवड्यात कमी पडले म्हणून नाचायचं नसतं, हज्जा," ते म्हणाले. "आकडे आपसूकच वरखाली होतात, मासळीच्या भावासारखे. आधीचा एक आकडा, नंतरचा एक आकडा, आणि म्हणे बघा आम्ही सुधारलो! हा लबाडांचा धंदा. ओळीनं आठ ठिपके रेघेच्या खाली आले, तरच मी म्हणेन की खरंच काही बदललंय."

"आत्ता किती झाले?"

"पाच."

माणूस सच्चा होता, आणि तिथंच माझं नशीब फुटलं. एखादा लबाड असता तर दोन आकड्यांवर खूश झाला असता आणि माझे कठडे खाली केले असते.

जखम चिघळून ताप धरला, मुक्काम लांबला. सहावा ठिपका खाली आला. मी खाटेवर पडून पाय हलवून बघायची. मांडीचं कातडं सैल शिवलेल्या बाहीसारखं लोंबायला लागलं होतं. जीव नुसता कोंडून गेला. माझा मुलगा वाएल भेटायला यायचा, मसुराचं सूप भरवायचा आणि म्हणायचा, "अम्मा, आराम कर." मला आरामाचा वीट आला होता, मेला आराम!

सातव्या ठिपक्याच्या आठवड्यात, पाहुण्यांच्या गर्दीत कुणाचं लक्ष नाही असं बघून, मी एक कठडा खाली पाडला. एक पाय जमिनीला लागला. गार फरशी! इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात नजातनं मागून कव घातली.

"हज्जा, तुमच्या पाया पडते! मागच्या खेपेला सात झाले होते, आणि एक आजोबा न्हाणीघरात घसरले. ठिपका वर गेला, मोजणी पुन्हा पहिल्यापासून. त्या पाळीच्या नर्सला सगळ्यांसमोर उभं करून जाब विचारला. मला तसं उभं राहायचं नाही हो."

आता तिच्यावर काय चिडणार? मी पाय वर घेतला. तिनं कठडा लावला. दोघीही आतच राहिलो.

डॉक्टर आल्यावर मात्र मी सोडलं नाही. "पडणारे मोजता. चालणारे कोण मोजतं?"

त्यांनी तक्त्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "खरंय हज्जा. तोही तक्ता हवा. पण मध्येच काही बदललं तर कशामुळे काय झालं ते कळणार नाही. आठवा होऊ द्या."

आठवा झाला. टाळ्या वाजल्या, रव्याच्या बसबूसाचं ताट फिरलं, डॉक्टरांचे डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू, त्यांना खरा आनंद झाला होता. त्यांनी स्वतः माझा कठडा खाली केला. "उठा हज्जा! आता घरी चला!" एका बाजूला नजात, दुसऱ्या बाजूला खालच्या मजल्यावरून आणलेली एक मुलगी.

मी उभी राहिले आणि गुडघे घडी घातल्यासारखे मिटले.

"हज्जा, जमिनीला टेकू नका!" नजात कानात ओरडली. "धरून खाली बसवलं तरी ते पडणंच धरतात!" दोघींनी मला उचलून खाटेवर टाकलं. ताट हातात घेऊन डॉक्टर वळले. "काय झालं?"

"काही नाही," नजात म्हणाली, "दमल्या जरा."

वाएलनं आणि खालच्या किराणावाल्यानं मला खुर्चीत बसवून पाच मजले वर चढवलं. दुकानाच्या दाराजवळून जाताना कुलूप दिसलं. किल्ली माझ्या मुठीतच होती. वर पोचल्यावर वाएल चाचरत म्हणाला, "अम्मा, दुकान भाड्यानं देऊ या?"

"आधी मला पूर, मग दे," मी म्हणाले. बोलले तर खरं, पण रात्रभर रडले.

आता दर आठवड्याला नजातचा फोन येतो. घरी गेलेल्यांचाही तक्ता केलाय म्हणे डॉक्टरांनी.

"हज्जा, ह्या आठवड्यात पडलात का?"

"नाही."

"अल्लाची मेहेरबानी," म्हणते आणि फोन ठेवते. मी खिडकीजवळच्या खुर्चीतच असते. वाएल सकाळी बसवतो, संध्याकाळी उचलतो.

परवा मात्र तिनं फोन ठेवला नाही. हळूच म्हणाली, "आणि हज्जा... चाललात का?"

"हे तुझ्या कागदावर आहे का गं?"

"नाही."

"मग राहू दे, पोरी," मी म्हणाले. "पडले नाही, एवढंच लिही."