पलीकडच्या चेंबरवरची बाई

मिस्त्री घरात शब्दाला महाग माणूस. जेवण कसं झालंय असं विचारलं, तर ताट पुढे करायचा. म्हणजे आणखी वाढ. तेच प्रशस्तिपत्र समजायचं आणि गप्प बसायचं. लग्नानंतर महिन्याभरात सासूनेच सुनेला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तो मुका नाही गं, चिक्कू आहे. शब्द साठवून ठेवतो. कशासाठी, ते मलाही अजून कळलेलं नाही."

सुनेला ते कळलं, पण दोन वर्षांनी. मिस्त्रीचा जोडीदार काम सोडून गेला आणि नेमकी त्याच आठवड्यात एका शाळेची ड्रेनेज लाइन तुंबली. मिस्त्री सकाळी दारात उभा राहिला. हत्यारांची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, पुन्हा या खांद्यावर घेतली आणि म्हणाला, "येतेस?" ती ओले हात पुसत निघाली, ती आज बावीस वर्षं निघालेलीच आहे. तेव्हापासून तिला सगळे मिस्त्रीणबाई म्हणतात. आधी थट्टेने म्हणायचे, मग सवयीने, आणि आता लोकांचा फोनच तिच्या नावाने येतो.

काम असं चालायचं. मिस्त्री अलीकडच्या चेंबरमधून पोलादी स्प्रिंग पाइपात सारायचा आणि ही पलीकडच्या चेंबरपाशी उकिडवी बसून पाइपाच्या तोंडाला कान लावायची. मध्ये चाळीस-पन्नास फूट अंतर, कधी नुसती भिंत, कधी अख्खी इमारत. ओरडून घसा फुटला तरी ऐकू जायचं नाही. म्हणून पान्ह्याचे ठोके. एक ठोका म्हणजे येऊ दे. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे सुटलं, ओढून घे. जुन्या बिडाच्या पाइपातून ठोका कसा खणखणीत जातो. आणि कान लावून लावून तिला आतलं सगळं समजायला लागलं होतं. झाडाची मुळं असली की स्प्रिंग खरवडल्यासारखी वाजते, चिंध्या असल्या की तिचा घसा बसतो, आणि कुणी सिमेंट ओतून ठेवलं असलं की ती नुसतीच धडका देते. मिस्त्री त्या कानावर डोळे मिटून विश्वास टाकायचा.

आणि होते चार ठोके. ते काही ठरलेले नव्हते. त्या पहिल्या दिवशी शाळेतलं पाणी खळखळून वाहून गेलं आणि पाइपातून चार ठोके आले. घाबरून ही धावत पलीकडे गेली. "काय झालं? चार म्हणजे काय?" मिस्त्री हत्यारं पुसत होता. "काही नाही," तो म्हणाला. "झालं, म्हटलं." पण त्याचे कान लाल झाले होते, ते तिने पाहिलं. मग दर कामाच्या शेवटी त्याचे चार यायचे आणि तिचे चार जायचे. त्यांचा अर्थ तिने पुन्हा विचारला नाही. अशा गोष्टींचा अर्थ विचारला की माणूस पुढच्या वेळी मारत नाही. घरी दिवसभर जे कानावर पडायचं नाही, ते चाळीस फुटांवरून बिनचूक यायचं, आणि तिला त्याचा लळा लागला होता.

म्हणूनच गेल्या आठवड्यात तो फोन ऐकला आणि ती हातातलं काम सोडून दारातच थांबली. मिस्त्री यंत्रांच्या दुकानदाराशी बोलत होता. चक्क तीन वाक्यं बोलला. "कॅमेरावालं दाखवा. एका माणसात काम झालं पाहिजे. दुसरं माणूस नको."

दुसरं माणूस! चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं तिचं झालं. तिला कारण ठाऊक होतं. वर्षभरापासून गुडघे कुरकुरत होते. चेंबरपाशी बसणं एक वेळ जमायचं, उठणं म्हणजे नाकी नऊ. आणि मागच्या महिन्यात एका दवाखान्याच्या कामावर तिच्या पायाला मुंग्या आल्या, तो चोळण्याच्या नादात दोन ठोके द्यायला उशीर झाला, आणि स्प्रिंग वळणात जी अडकली ती सोडवायला अर्धा दिवस गेला. मिस्त्री तेव्हा चकार शब्द बोलला नव्हता. तो कधी बोलतो? दुसरा कुणी रागावला असता तर भांडून मोकळं होता आलं असतं. आता हिनेही तोंडात मिठाची गुळणी धरली आणि रविवारी त्याच्याबरोबर दुकानात गेली. आपल्या जागी कोण येतंय, ते निदान बघावं तरी.

दुकान लांबलचक होतं. छतापासून नळ्यांची वेटोळी लोंबत होती, रबराचा आणि ग्रीसचा वास भरून राहिला होता. दुकानदार पन्नाशीचा, चष्मा दोरीने गळ्यात, आणि जिभेला हाड नाही. मिस्त्रीचे साठवलेले सगळे शब्द बहुतेक यालाच मिळाले असावेत.

"हा बघा ड्रम. आत साठ फूट केबल. पायाने हे दाबलं की फिरणार, पाय उचलला की बंद. आणि ही कॅमेऱ्याची रीळ. आत ढकलत जायचं, सगळं या पडद्यावर. किती फूट गेला, तोही आकडा येतो. वर रेकॉर्डिंग! गिऱ्हाईक म्हणालं की आत काही नव्हतंच, तर दाखवा त्याला. एक माणूस पुरतो, साहेब. एक!"

हे 'एक माणूस पुरतो' त्याने पाच मिनिटांत तीनदा ऐकवलं. दर वेळी मिस्त्रीणबाई फळीवरच्या रबरी हातमोज्यांकडे बघायची. मोजे सगळे एकाच मापाचे होते.

"चालवून बघा ना," दुकानदार म्हणाला. "मुद्दाम जुना बिडाचा पाइप गाडलाय. या कोपऱ्यात सुरू होतो, फरशीखालून जातो, मधे तीन वळणं."

मिस्त्रीने केबल हातात घेतली. बोटांनी चाचपली. आणि सवयीने विचारलं, "दुसरं तोंड कुठे?"

"मागच्या अंगणात."

झालं. केबल मिस्त्रीच्या हातात आणि दुसरं तोंड अंगणात, एवढं कानावर पडल्यावर बाई कशाला थांबते? दुकानदार वायरी जोडेपर्यंत ती मागच्या दाराने बाहेर पडली, भिंतीच्या कडेला उघडं असलेलं पाइपाचं तोंड शोधलं, गुडघे कडकड वाजवत उकिडवी बसली आणि कान लावला.

बसल्यावर तिच्या लक्षात आलं. कॅमेरा आहे! त्यात सगळं दिसतं! इथे आता कुणीही लागत नाही, हेच तर बघायला आलोय आपण, आणि आपण आपलं हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. आत जाऊन उभं राहावं असं वाटलं. पण उठायचं तर भिंतीला धरून उठावं लागणार, आणि दारातून ते दिसणार. तेवढ्यात पाइपात केबलची कुजबुज सुरू झाली, आणि मग कान तिचं ऐकेना. पहिलं वळण. दुसरं. तिसऱ्यापाशी जरा अडली. तिने नकळत श्वास रोखला. सुटली. मग पाइपात उजेड दिसला आणि लिंबाएवढा एक काचेचा डोळा बाहेर येऊन तिच्यासमोर थांबला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं असावं. पान्हा आज आणलेला नव्हता, म्हणून घराच्या किल्लीने तिने पाइपावर तीन ठोके दिले. सुटलं, ओढून घे. उत्तर आलं नाही. डोळाही हलला नाही. ती थांबली, पुन्हा कान लावला, पुन्हा थांबली. काहीच नाही.

"उठा, मिस्त्रीणबाई," ती स्वतःशीच म्हणाली. "संपली नोकरी." आणि भिंतीला धरून, एक गुडघा, मग दुसरा, अशी उठली.

ती आत आली तेव्हा दोघे पडद्यासमोर उभे होते आणि नवल म्हणजे दुकानदारसुद्धा गप्प होता. पडद्यावर अंगणातली रिकामी भिंत दिसत होती.

"मागे घ्या," मिस्त्री म्हणाला.

दुकानदाराने चित्र मागे घेतलं. आणि तिने स्वतःला पाहिलं. पाइपाच्या तोंडाशी एक बाई, मान वाकडी करून, डोळे मिटून ऐकत होती. एक हात पाइपावर, दुसऱ्याने गुडघा दाबलेला. कपाळाला आठ्या. मग डोळे उघडून ती सरळ समोर बघायला लागली. वाट बघत राहिली. ओठ काहीतरी पुटपुटले, आणि भिंत चाचपत ती उठली. उठताना चेहरा असा झाला, की तिला स्वतःलाच त्या बाईची दया आली.

बावीस वर्षं तो एका तोंडाशी होता आणि ती दुसऱ्या. पलीकडे ती कशी बसते, हे मिस्त्रीने कधी पाहिलंच नव्हतं.

"काय म्हणालीस?" मिस्त्रीने विचारलं. "उठताना."

"काही नाही."

"ओठ हलले."

आता लपवण्यात काय अर्थ होता? "म्हटलं, नोकरी संपली," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत ना यांना फोनवर, दुसरं माणूस नको म्हणून? त्या दवाखान्यात एकदा उशीर झाला माझ्याकडून, मान्य आहे. पण तोंडाने सांगायचं होतंत. बावीस वर्षांत एकदा."

मिस्त्रीने केबल या हातातून त्या हातात घेतली, पुन्हा या हातात घेतली.

"गुडघे," तो म्हणाला.

"काय गुडघे?"

"दवाखान्यात तू भिंतीला धरून उठलीस. दारातून पाहिलं मी. म्हणून एका माणसाचं मागितलं." मग, जणू तळाचा शब्द काढावा लागला असा, तो म्हणाला, "मला वाटलं, दुखणं थांबेल तुझं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी रागही आला. "आणि मी घरी बसून काय करू? भिंतीला कान लावू?"

याचा विचार मिस्त्रीने केला नव्हता, ते त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तो पडद्याकडे वळला. कोपऱ्यात आकडा होता: सत्तावन्न फूट.

"किती फूट ते कळलं," तो दुकानदाराला म्हणाला. "पण वळणं घेऊन डोळा जमिनीखाली नेमका कुठे गेला? खणायचं कुठे?"

"त्याची काठी वेगळी मिळते. डोळा आतून खूण सोडतो, ती वर काठीला ऐकू येते. काठी घेऊन जमिनीवरून चालायचं, डोळ्याच्या बरोबर वर आलात की आवाज मोठा होतो. बरेच जण घेत नाहीत."

"कान लागतो?"

"लागतो की. आवाज बारीक असतो."

"उभ्याने?"

"म्हणजे?"

"बसावं लागत नाही?"

"बसून कसं चालणार, साहेब?"

"द्या," मिस्त्री म्हणाला.

दुकानदार खूश झाला, पण व्यवहाराला सच्चा माणूस. "देतो. पण तुम्ही एका माणसाचं म्हणाला होतात म्हणून सांगतो, यालाही वेगळं माणूस लागत नाही. डोळा आत सोडून द्यायचा आणि आपणच काठी घेऊन फिरायचं. एक माणूस पुरतो."

"पुरत असेल," मिस्त्री म्हणाला. "मला पुरत नाही."

दुकानदाराने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि उगाचच काठीची पेटी शोधायला आत गेला. मिस्त्रीचे कान लाल झाले होते, थेट त्या शाळेतल्या दिवसासारखे.

काठी हलकी होती. मिस्त्रीणबाई ती घेऊन अंगणात गेली तेव्हा तिची मान ताठ होती. "हे बरंय," ती जाता जाता म्हणाली. "खाली तुम्ही राबायचं आणि मी वरून चालत हुकूम सोडायचे. उंटावरून शेळ्या हाकायच्या!" मिस्त्री हसला. आवाज न करता, पण हसला.

मिस्त्रीने डोळा पुन्हा पाइपात मागे ओढून घेतला होता. तिने काठी जमिनीजवळ धरली. चिमणीच्या पिलासारखा बारीक चिवचिवाट होता. ती दोन पावलं डावीकडे गेली, आवाज बारीक झाला. उजवीकडे आली, वाढला. भिंतीपासून हातभर अंतरावर तो इतका वाढला की तिने तिथेच पाय रोवले. "इथे आहे!" ती ओरडली. "शेवटच्या वळणात!"

आतून दुकानदाराचा आवाज आला, "बरोब्बर!"

मग पायाखालून, बिडाच्या पाइपातून, चार ठोके आले.

तिच्या हातात किल्लीही नव्हती. नव्या काठीने ठोके दिले असते तर दुकानदाराने टाहो फोडला असता. तिने टाच उचलली आणि फरशीवर चारदा आपटली. गुडघ्यातून कळ गेली ती गेली.

दुकानदार दारात आला. "ताई, ठोके कशाला? पडद्यावर सगळं दिसतंय. आणि साहेब आमचे पडदा सोडून पाइपाला कान लावून बसलेत!"

खालून पुन्हा चार ठोके येत होते. बावीस वर्षं चाराला चार, असंच चालत आलं होतं. आज पहिल्यांदाच तो चिक्कू माणूस जास्तीचं बोलला होता.