सहाही तासांना हजर

"ताई, चिकटपट्टी आहे का हो? माझी संपली," नायदेन आजोबांनी शाळेच्या कार्यालयाच्या दारातून विचारलं. काखेत कागदांची गुंडाळी होती.

दोब्रिनाने खणातून चिकटपट्टी काढली, कोट अंगावर टाकला आणि त्यांच्यासोबत फाटकापर्यंत गेली. म्हाताऱ्याला एकट्याने कागद सरळ लावता आला नसता. आज चाळिसावा दिवस. गावच्या रीतीने गेलेल्या माणसाचं नवं शोकपत्रक आज लावायचं: घराच्या दारावर, बेकरीवर, बसथांब्यावर, आणि पोर शाळेतलं असेल तर शाळेच्या फाटकावर. काळ्या चौकटीत आजोबांच्या नातीचा, झोर्नित्साचा फोटो होता. वय बारा. फोटो दोब्रिनानेच ओळखपत्रासाठी काढलेला.

"वाकडं नाही ना लागलं?"

"नाही आजोबा. सरळ आहे."

"आजपर्यंत झोरी इथंच घुटमळत असणार. आज निघायचं तिला," आजोबा म्हणाले आणि बेकरीच्या दिशेने गेले. आत्मा चाळीस दिवस ओळखीच्या जागा सोडत नाही, हे त्या गावात लहान पोरंसुद्धा सांगतात. त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

दोब्रिना परत येऊन संगणकापुढे बसली. सहावीचा पट उघडला. दहा नावं. सातवं नाव झोर्नित्साचं. पुढे हिरवी खूण: हजर.

एकतीस वर्षं ती या शाळेची कारकून होती आणि तिच्या हजेरीत एकही खाडाखोड नव्हती. ही खूण मात्र तिनेच केली होती, दफन झाल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रोज.

"पट दहाच्या खाली गेला की वर्ग बंद, आणि वर्ग बंद की शाळा बंद," मुख्याध्यापक गेर्गिनोव म्हणाले होते. "जूनपर्यंत कसंही रेटायचं."

"अहो सर, गेलेल्या पोरीला हजर लावू?"

"गेलेल्या पोरीची कुणी तक्रार करत नाही, दोब्रिना. उरलेल्या नऊ जणांना या थंडीत अठ्ठावीस किलोमीटर बसमधून धाडशील? आणि या वयात तू कुठं जाशील?"

तिने खूण केली.

आता सर दारात आले. "पालक-संपर्काचा अहवाल काढून ठेव गं. तपासणीवाले मागतील." एवढं बोलून ते घरी गेले.

दोब्रिनाने पालकांची उत्तरं आजवर कधी उघडलीच नव्हती. जुन्या हजेरीवहीला तोंड नव्हतं. ती कुणाला काही सांगायला जायची नाही. सप्टेंबरात आलेलं हे यंत्र मात्र रोज पाच वाजता प्रत्येक घरी आपणहून निरोप धाडायचं. हे तिला ठाऊक होतं, पण सातव्या नावाशी तिने ते कधी जोडून पाहिलं नव्हतं. त्या नावापुढे इटलीचा नंबर होता. झोर्नित्साची आई इलियाना तिकडे एका म्हातारीची देखभाल करायची.

अहवाल उघडला तर त्या नंबरावर सव्वीस निरोप गेले होते, हिरव्या खुणेवरून आणि जुन्या गुणांवरून यंत्राने आपोआप जुळवलेले. *झोर्नित्सा आज सहाही तासांना हजर होती. गणितात मागे आहे. गुरुवारच्या जादा तासाला पाठवावे.*

आणि सव्वीस उत्तरं आली होती.

*बरं झालं कळवलंत.*

*शाल घ्यायला सांगा, वर्गात गारठा असतो.*

*गुरुवारी नक्की थांबेल. अपूर्णांक तिला आधीपासूनच जड जातात.*

शेवटचं कालचं होतं. *उद्या चाळिसावा. उद्या तरी लवकर सोडा तिला.*

दोब्रिनाने तो निरोप पुन्हा एकदा वाचला. ती उठून सहावीच्या वर्गात गेली. मुलं मघाशीच घरी गेली होती. झाडलोट झाली की सगळ्या खुर्च्या उलट्या करून बाकांवर ठेवतात. नऊ खुर्च्या बाकांवर होत्या. खिडकीजवळची दहावी खाली होती, बाकापासून जराशी मागे सरकवलेली, कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी. कुणाचा तरी हलगर्जीपणा, असं तिने स्वतःला बजावलं. पण खुर्ची उचलायला तिचा हात पुढे होईना. ती परत आली आणि तिने आजची हिरवी खूण पुसून टाकली.

पाच वाजले. निरोप गेला नाही. पाच वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"दोब्रिनाबाई, मी इलियाना. आज काही आलं नाही तुमच्याकडून."

दोब्रिनाने पडद्यावरच्या सातव्या नावाकडे पाहिलं.

"आज आली नाही का ती?"

यंत्र बिघडलं म्हणून सांगता आलं असतं. शाळा वाचली असती, नोकरीही.

"नाही आली, बाळ."

"कधीपासून?"

"अकरा नोव्हेंबरपासून."

पलीकडे कुणी म्हातारी खोकली. इलियाना तिला परक्या भाषेत काहीतरी हळूच म्हणाली, मग परत आली.

"मी पोचले तोवर तुम्ही सगळ्यांनी माती देऊन टाकली होती. माझ्या डोळ्यांनी मी काहीच पाहिलं नाही. इथं परतले त्याच संध्याकाळी निरोप आला, हजर म्हणून. म्हटलं, बाकीच्यांचं चुकलं असेल. शाळा कशाला खोटं बोलेल?"

"शाळा नाही बोलली. मी बोलले."

दोब्रिनाला शिव्या हव्या होत्या. त्या आल्या नाहीत.

"मला वाटलं, निदान तुम्हाला तरी दिसते," इलियाना म्हणाली. मग विचारलं, "आता काय लिहाल?"

"गैरहजर. मग नाव कमी करीन. पण हजर लावलेल्या प्रत्येक दिवसाचं कारण भरावं लागतं."

"काय काय कारणं असतात?"

दोब्रिनाने पडद्यावरची यादी वाचली. "आजारपण. स्पर्धा. घरचं कार्य." ती अडखळली. "आईच्या परवानगीने."

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"शेवटचं लिहा," इलियाना म्हणाली. "पण एकदम नका लिहू. एकेक दिवस विचारा मला."

दोब्रिनाने चष्मा पुसला.

"चौदा नोव्हेंबर?"

"हो."

"पंधरा?"

"हो."

"अठरा?"

असे सगळे दिवस झाले. कुठे इलियाना लगेच हो म्हणाली, कुठे गुरुवार आला की थांबली. दोब्रिनाने एकदाही घाई केली नाही. बाहेर अंधारून आलं तरी दिवा लावायला ती उठली नाही.

"वीस डिसेंबर," ती शेवटी म्हणाली. "आजचा."

दोब्रिना कळीवर बोट ठेवून बसून राहिली.

"परवानगी आहे," इलियाना म्हणाली.

दोब्रिनाने कळ दाबली. मग सातवं नाव काढलं. सहावीचा पट नऊ झाला.