डाव्या पायाचा ब्रेक

मित्रांनो, मी ओवे गावातल्या काशिरामची जुनी मोटारसायकल आहे. आज मी नव्या नवरीसारखी नटून अंगणात उभी आहे आणि मनातून फार घाबरले आहे.

मी जन्मले त्या काळी ब्रेक डाव्या पायाखाली आणि गिअर उजव्या पायाखाली असे. आताच्या गाड्यांत नेमकं उलट असतं. काशिरामचे पाय माझ्यावरच शिकले, त्यामुळे मिठागराच्या अरुंद बांधावरही त्याने मला कधी पाडलं नाही. तो गेला आणि मी ताडपत्रीखाली गंजत पडले. माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या.

मग त्याच्या नातवाने, प्रणितने, मला बाहेर काढलं. टाकीतला गंज धुतला, कार्बोरेटर पेट्रोलने साफ केला, पनवेलहून क्लचप्लेटा आणल्या, स्वतःच्या हाताने काळा रंग चढवला. पोराचे हात गुणी, खोटं कशाला बोलू? माझा त्याच्यावर जीव जडला.

काशिरामची बायको गंगाबाई पायरीवर बसून सगळं बघत असे. परवा ती म्हणाली, "अरं, हिचा बिरेक डाव्या पायात हाय. तुजी रोजची गाडी येगली."

"माहीत हाय गं आजी," प्रणित म्हणाला. "मीच खोलली ना ही?"

डोक्याला माहीत होतं हो, पण पायाला कुणी शिकवलं? काल गल्लीत अचानक कोंबडी आडवी आली. प्रणितने सवयीने उजवा पाय दाबला. माझा गिअर खाडकन वाजला, वेग तसाच राहिला आणि मी वाळूच्या ढिगात घुसले. तो हसला, वाळू झटकली आणि घरात चकार शब्द बोलला नाही.

आज माझ्या चाकाखाली लिंबू ठेवलं. प्रणितची धाकटी बहीण रिया मागे बसली.

"दादा, कळंबोलीपर्यंत जाऊ ना?"

तिकडे लोखंडाने लादलेले ट्रक अंगावर येतात. तिथे वाळूचा ढीग कुठला?

"मना बरा नाय वाटत," गंगाबाई म्हणाली. "आधी पाय बसू दे."

"आलोच गं!"

मित्रांनो, जुन्या वस्तूला नवं रूप जरूर द्या, पण आधी तिची रीत अंगात मुरू द्या. हे मी त्याला कसं सांगणार? माझ्या हाती एकच होतं, सुरू न होणं. पूर्वी मी काशिरामला घाम फोडत असे. तसाच आजही हट्ट धरला. प्रणितने किक मारली.

पण त्याने मला फार छान दुरुस्त केलं होतं. मी पहिल्याच किकला सुरू झाले.