पिठाचा मासा

"मासा घाल गं मला," म्हणत नानासोंनी पेजेची वाटी पुन्हा लोटून दिली. हरणाबाईनं सांडलेली पेज पुसून घेतली. तापानं म्हाताऱ्याचं अंग भाजत होतं. पोटात अन्न गेलं नाही तर माझ्या औषधाचा काही उपयोग नाही, असं वैद्य सकाळीच बजावून गेले होते. आणि ज्या एका पदार्थासाठी म्हाताऱ्याचा जीव अडला होता, नेमका तोच त्या घरात शिजवायची सोय नव्हती.

त्याला कारण खुद्द नानासोंचा नवस. एकुलता एक सयाजी पलटणीबरोबर ब्रह्मदेशाच्या लढाईवर निघाला, त्या दिवशी ह्या माणसानं जोतिबाला सांगितलं, "माझा ल्योक घरी येईस्तवर मासा तोंडात घालणार न्हाई." कराडच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर जन्म गेलेला माणूस तो. कारलं सोडलं असतं तर देवाला ते काय पोहोचणार? सोडायचं ते जिवाच्या आवडीचंच, अशी तिथली रीत. माशाचं काळंभोर मडकं त्यांनी स्वतःच्या हातानं गोठ्यातल्या खुंटीला टांगलं. आता तापाच्या भरात नवस डोक्यातून पार गेला होता; जीभ तेवढी जागी होती.

हरणाबाई सयाजीची बायको. मासा द्यावा तर नवऱ्याच्या जिवाला धोका, न द्यावा तर सासऱ्याच्या. इकडे आड, तिकडे विहीर.

ती फलटणकडची, कोरड्या मुलखातली. तिकडं नदीला पाणीच नाही, म्हणून बाया पिठाचे मासे करतात आणि त्यावरच तोंडभर फुशारकी मारतात. तिनं तिखटमिठाच्या उकळत्या पाण्यात हरभऱ्याचं पीठ घोटलं, ओल्या फडक्यावर थापलं. वर तीळ, खोबरं, लसणाचं सारण पसरून फडक्याच्या आधारानं गुंडाळलं आणि टोकं दाबून मासळीचा आकार दिला. नखानं खवलेसुद्धा काढले. रूप झकास जमलं, पण वासाचं काय? जन्मभर मासा हुंगलेलं ते नाक तापातही फसलं नसतं.

शेवटी ती गोठ्यात गेली. मडकं काढलं, खळखळून धुतलं आणि चिंचेचा रस्सा त्यातच उकळायला ठेवला. वर्षानुवर्षांचे मासे त्या मातीत मुरलेले. पहिली वाफ आली ती थेट नदीवरून आल्यासारखी. "देवा, मासा न्हाई हां, नुसतं मडकं हाय," असं पुटपुटत तिनं पिठाचा मासा रश्श्यात सोडला.

नानासोंनी मिटल्या डोळ्यांनी भाकरी कुस्करून खाल्ली, वाटी चाटून पुसून दिली. थोड्या वेळानं घाम फुटला आणि ताप उतरू लागला. हरणाबाईला वाटलं, सुटले.

पण शुद्धीवर आलेला माणूस सकाळी भिंत धरत धरत गोठ्यात गेला आणि रिकाम्या खुंटीकडं बघतच राहिला.

"मला मासा घातलास?"

"न्हाई मामंजी. पिठाचा हुता."

"मला शिकवतीस व्हय? आजून तोंडाला वास हाय." ते तिथंच मटकन खाली बसले. "पोराला खाल्लं गं मी. माझ्या पोराला खाल्लं!"

त्यांनी पाण्यालाही नको म्हटलं. असल्या तोंडात आता काही घालायचं नाही म्हणाले, आणि नानासो बोलले की ते करणार हे सगळ्या गावाला माहीत होतं.

हरणाबाईनं वाद घातला नाही. आधार देऊन त्यांना चुलीपुढं बसवलं आणि पीठ घोटण्यापासून सगळं पुन्हा त्यांच्या डोळ्यांदेखत केलं. मडकं उकळलं, वास सुटला, तसे नानासो पुढं सरकले. पळीनं रस्सा ढवळून त्यांनी तळ बघितला. काटा नाही, काही नाही.

"वास मडक्याचा म्हनतीस?"

"व्हय."

"मग त्यो बी माशाचाच की." म्हातारा तिच्याकडं रोखून बघत होता. "ह्यात पाप नसंल तर तू खा आदी. तुझा बी नवरा हाय त्यो."

हरणाबाईचा हात वाटीवरच थांबला. एक गोष्ट नानासोंना ठाऊक नव्हती. ते नवस बोलले त्याच संध्याकाळी तीही तोच नवस बोलली होती, मनातल्या मनात. घरात मासा शिजतच नव्हता, मग कुणाच्या ध्यानात यायचं? काल म्हाताऱ्याला वाढताना तिनं रश्श्याचं मीठसुद्धा चाखलं नव्हतं. दुसऱ्याच्या जिभेवर देवाची परीक्षा बघणं सोपं होतं.

"का गं, खाईनास?" नानासोंचा आवाज चिरकला.

नाही खाल्लं तर हा माणूस उपाशी मरणार. खाल्लं तर? फाट्यावरून जाताना मागं वळून हात करणारा सयाजी तिला दिसला. ती भ्यायली होती, चांगलीच भ्यायली होती. तरी तिनं पिठाच्या माशाचा मोठा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला आणि तोंडात घातला. सावकाश चावला. बोटं चाटली.

"मीठ कमी पडलंय," ती म्हणाली.

नानासो तिच्या तोंडाकडं बघत राहिले. मग त्यांनी वाटी पुढं केली. "वाढ."

पोटभर जेवून ते म्हणाले, "मडकं जाग्याला टांग. सयाजी आला की खरा मासा शिजवू."

"व्हय मामंजी."

तिनं मडकं घासून खुंटीला टांगलं. खुंटीखाली बसून, पदर तोंडात कोंबून ती रडली.

"देवा, माझा नवस मोडला आसंल तर मोडू दे," ती म्हणाली. "त्येंनी माझ्या तोंडाकडं बघून खाल्लंय. त्येंचा मोडला म्हनू नगंस. त्येंच्या नवसावर माझा मानूस घरी आन."

आतून नानासोंनी पाणी मागितलं. डोळे पुसून ती उठली आणि तांब्या भरून घेऊन गेली.